पाठीवरचा हात

१

मास्तरच्या छातीवरचे टाके काढले त्या आठवड्यापासून ती त्याला जिना चढवत होती. तो पुढे, ती एक पायरी मागे, आणि तिचा तळवा त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. ढकलायचं नाही, नुसता टेकवायचा. फिजिओथेरपिस्ट म्हणून तिने आयुष्यभर लोकांच्या पाठीवर असेच हात ठेवले होते. मागे कुणीतरी आहे एवढं कळलं की माणसाचे पाय आपसूक उचलतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. मास्तर चेष्टा करायचा. "डॉक्टरीणबाई, हात काढा, मी काही पडत नाही," म्हणायचा, आणि तिने खरंच काढला की होता तिथेच थबकायचा.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत भूमिती शिकवायचा. निवृत्त झाला तरी ओळखीपाळखीची सगळी माणसं त्याला मास्तरच म्हणत, आणि तीही म्हणायची. लग्न झाल्यापासून दरवर्षी दोघं सायकलवरून कुठे ना कुठे लांबवर जाऊन येत. ऑपरेशनमुळे मध्ये एक वर्ष हुकलं होतं. यंदा डॉक्टरांनी मान डोलावली, तीही नाइलाजाने: घाई नको, आणि एकट्याने तर मुळीच नको. मुलीने फोनवर दोघांना वेगवेगळं झापलं. बाबांना म्हणाली, आईचं ऐक. आईला म्हणाली, बाबांचं ऐकू नकोस.

खिंडीचा रस्ता त्यांनी मुद्दाम निवडला होता. डोंगराच्या पोटातून बोगदा झाल्यापासून सगळी वाहतूक खालून जायची, आणि वरचा जुना घाट सायकलवाल्यांना मोकळा पडला होता. सकाळी खानावळीच्या दारात मास्तरने दोन्ही सायकलींची चाकं दाबून पाहिली, तिच्या सायकलच्या हँडलवरचा छोटा आरसा आपल्या रुमालाने पुसला, आणि म्हणाला, "चला. आज आपण उताराला लागेपर्यंत भांडायचं नाही."

२

चढाला ती मागे राहिली. हे ठरलेलंच होतं. मागून त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि तो कसा चाललाय ते तिला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळायचं. मास्तर सगळ्यात हलक्या गिअरवर, पाय गरगरा फिरवत, माणूस चालेल त्या वेगाने चढत होता. श्वास जड होता पण एकसारखा होता. त्याचा शर्ट हळूहळू पाठीला चिकटत गेला, आधी मानेखाली, मग कमरेपर्यंत. तिला बरं वाटलं. नीट घाम येतोय.

घाटाच्या मध्यावर रस्त्याकडेला एक मोठं झाड होतं. तिथे तिच्या मागच्या बॅगेचा पट्टा सुटून चाकावर फटफट आपटायला लागला. "तू हो पुढे, मी आलेच," ती म्हणाली, आणि उतरली. पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. दोरी शोधून गाठ मारण्यात जरा वेळ गेला. मान वर केली तेव्हा मास्तर दिसत नव्हता. त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता.

पुढच्या वळणावर गाठू, असं म्हणून ती निघाली. पुढच्या वळणावर तो नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. मग तिला तो दिसला: पार वर, कठड्याच्या पलीकडे, नुसता कमरेपासून वरचा. ताठ बसलेला, दरीकडे तोंड करून देखावा बघत चाललेला. सपाट रस्त्यावर संध्याकाळी फेरफटका मारावा तसा.

तिने हाक मारली. मागे न बघता त्याने हात वर केला, आणि वळणाआड गेला.

आधी तिला आनंद झाला, मग थोडा राग आला. इतके महिने मी याला जिने चढवते, आणि हा मला टाकून पळतो. तिने जोर लावला. चढ मांड्यांत उतरला, घसा कोरडा पडला, पण वरपर्यंत तो काही तिला पुन्हा दिसला नाही.

३

खिंडीच्या माथ्यावर रस्त्याच्या कामगारांची एक खोली होती. दाराला कडीऐवजी तारेचा फास. आत सिमेंटचा कट्टा, कोपऱ्यात फावडी, डांबराचं रिकामं पिंप, आणि खुंटीवर कुणाचा तरी रेनकोट, वाळून इतका ताठ झालेला की खाली काढून ठेवला असता तर उभा राहिला असता. खिडकीच्या काचेच्या जागी प्लॅस्टिक ठोकलं होतं. ते वाऱ्याने फुगायचं आणि बसायचं.

मास्तर कट्ट्यावर बसून बिस्किटं खात होता.

"लवकर आलास," ती धापा टाकत म्हणाली.

"आलो कसला, तू आणलंस. पण आता पुरे हं. तुझा हात भरून आला असेल."

"कसला हात?"

"कसला म्हणजे? त्या झाडापासून ढकलत आलीस ना. मी म्हटलं, ही बोलत का नाही. मग वाटलं, दम लागला असेल."

ती हसली. "अरे, मी झाडाखाली पट्टा बांधत बसले होते. तू दिसतही नव्हतास मला. खालून हाक मारली तेव्हा हात नाही का केलास?"

"केला की. लांबून आल्यासारखी वाटली हाक. म्हटलं, डोंगर आहे, आवाज घुमतो."

आकडेमोड चुकवून उत्तर बरोबर आणणाऱ्या मुलाकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

तिने त्याचं मनगट हातात घेतलं. नाडी संथ होती. घाट चढून आलेल्या माणसाची नव्हतीच ती. आरामखुर्चीतून नुकत्याच उठलेल्या माणसाची होती. गोळ्यांमुळे असेल, तिने स्वतःला सांगितलं. त्या गोळ्या नाडी वाढू देतच नाहीत.

बाटली घ्यायला तो वाकला, तेव्हा त्याची पाठ तिच्याकडे झाली. शर्ट अजून ओलाचिंब होता. खांद्यांच्या मध्ये मात्र एक डाग कोरडा होता. कडेने मिठाची पांढरी रेघ. तळवा, आणि वर फाकलेली बोटं.

तिने त्यावर आपला हात धरला, टेकवला नाही, नुसता वर धरला. डागाची बोटं तिच्या बोटांच्या बरीच पुढे जात होती.

"काय बघतेस?"

"शर्ट वाळला का ते. जॅकेट घाल. उतारावर गारठशील."

४

कारण सापडलं की मन शांत होतं, आणि कारणं काढायला ती काही कमी नव्हती. दोन खांद्यांच्या मध्ये पाठ आत जाते. तिथे कापड अंगाला टेकत नाही, वाऱ्याने आधी वाळतं. सुरकुत्या पडल्या असतील तर बोटांसारखं दिसणारच. आणि हाताचं म्हणशील तर इतके महिने रोज तिथे हात ठेवला, त्या जागेला सवय झाली असेल. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला खाज सुटते, हे तिने स्वतः पाहिलेलं होतं. मग मास्तरला तिचा हात जाणवला यात नवल काय?

एवढी सगळी कारणं एकाच गोष्टीला लागावीत, हेच तिला खटकत राहिलं.

उतारावर ती पुढे असायची. मास्तर वळणाची त्रिज्या मोजत बसतो, असं ती म्हणायची. दुपार कलली होती. ऊन पाठीवर होतं, रस्ता कोरडा होता. तिने सायकल सोडली, आणि इतक्या तासांनी पायांना विसावा मिळाला तशी डोक्यातली कारणंही गळून पडली. वारा कानांत शिरला. एका रुंद वळणावर कठड्याजवळ ती थांबली, बाटली काढली, आणि मागे वळून त्याची वाट बघू लागली.

बाटली अर्धी झाली तरी तो येईना.

वारा पडल्यावर तिला श्वास ऐकू आला. वरच्या बाजूने येत होता. ओढून घेतलेला, मध्येच अडकणारा, शेवटी बारीक शीळ असलेला. हा श्वास तिच्या ओळखीचा होता. ऑपरेशनच्या आधीचा होता तो.

मास्तर वळणावर दिसला. उतारावर, पॅडलवर उभा राहून, सगळं वजन एकेका पायावर टाकत तो येत होता. इतका हळू की सायकल डुगडुगत होती. चेहरा राखेच्या रंगाचा, नजर पुढच्या चाकावर.

"सोड ना गं," तो म्हणत होता. "उतार लागला आता. कशाला धरून ठेवतेस? सोड."

"मास्तर," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. ती समोर उभी होती, हातात बाटली घेऊन. तो तिच्याकडे बघत राहिला. मान वळवून मागे मात्र त्याने पाहिलं नाही.

५

तिने त्याला उतरवलं. मागचं चाक उचलून फिरवलं, ते गरगर फिरलं. ब्रेक कुठे घासत नव्हते. चेन ठीक होती. "जरा चालून बघ," ती म्हणाली. मास्तर चालला, आणि समोरून सोसाट्याचा वारा असावा तसा पुढे वाकून चालला. वारा तर पानही हलवत नव्हता. चार पावलांत त्याच्या ओठांवर निळसर झाक आली.

फोनला रेंज नव्हती. वर ती बंद खोली, खाली अख्खा घाट. बसून राहिलं तरी उतरणं चुकणार नव्हतं.

"मागे बघू का?" मास्तरने विचारलं.

"नको."

"तू बघितलंस?"

"तुझ्या मागे कुणी नाही."

हे खरं होतं. रस्ता होता, कठडा होता, ऊन होतं. फक्त त्याचं जॅकेट पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, एका जागी गोळा झालेलं होतं. मुठीत धरल्यावर होतं तसं. तिथून चुण्या चारी बाजूंना ताणलेल्या होत्या.

तिला ओरडावंसं वाटलं. पण समोर एक घाबरलेला माणूस श्वास शोधत उभा होता, आणि अशा माणसासमोर आवाज चढवायचा नसतो, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

"सायकलवर बस," ती म्हणाली. "पाय टेकलेले ठेव. बोटं ब्रेकवर. सुटलास की दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, एकच नाही."

"सुटलास म्हणजे?"

"मास्तर, ऐक माझं."

त्याने ऐकलं. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. नजर त्याच्या कॉलरवर रोखली, तिथून खाली आणायची नाही असं ठरवलं, आणि रोज ठेवायची तसा हात पुढे केला.

हात कापडाला लागला नाही. त्याच्या आधी दुसऱ्या हाताला लागला.

मोठा होता. गार नव्हता, गरमही नव्हता. सांधे आवळलेले, आणि आत एक बारीक थरथर. तो हात दांडगाईने धरणाऱ्याचा असेल अशी तिची खात्री होती, आणि नेमकं तेच नव्हतं. दिवसभर लोखंडी बार धरून उभं राहिलेल्या पेशंटची बोटं अशी होतात. सोडायचं म्हटलं तरी त्यांना सोडता येत नाही. त्याने मास्तरला धरून ठेवलं नव्हतं. तो मास्तरला धरून राहिला होता.

आवळलेली मूठ बोटं ओढून सुटत नाही. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, मग बोटं आपोआप सैल पडतात. तिने मनगट शोधलं. ते होतं. त्याच्या पलीकडे काय आहे ते तिने चाचपून पाहिलं नाही. ते तिने सावकाश वाकवलं, अंगठा बाहेर काढला, आणि तिच्या डोळ्यांच्या खालच्या कडेला जॅकेटच्या चुण्या एकेक करून मिटत गेल्या.

मास्तरची सायकल सुटली. धोंडा सुटावा तशी. ब्रेक किंचाळले, तो वळणाआड गेला, आणि खालून खडी उधळल्याचा आवाज आला.

ती धावणार होती. पण तिचा हात धरला गेला होता.

६

"बसा," ती म्हणाली.

दवाखान्यात जो आवाज असायचा तोच निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

"इकडे या. हळूहळू. माझ्याबरोबर."

ती कठड्याकडे सरकली. हाताला ओढ होती, वजन होतं, मध्येच थांबणं होतं. रस्त्यावर तिची एकटीची सावली पडली होती, एक हात लांब करून चाललेली. कठड्याचा दगड उन्हाने तापला होता. तिने तो हात त्यावर आणून टेकवला.

"हे धरा. घट्ट. आता मला सोडा."

बराच वेळ काही झालं नाही. खाली मास्तरचं काय झालं असेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता, आणि तरी तिने हिसका दिला नाही. मग एकेक बोट निघालं. तळहाताला ऊन लागलं.

ती सायकलपाशी गेली. पेशंटला बसवून खोलीबाहेर पडताना ती जे म्हणायची तेच तोंडातून गेलं.

"येते मी."

आपण काय बोललो ते कळलं तेव्हा तिचं एक पाऊल पॅडलवर होतं. तिने सायकल उताराला लावली. मागे बघायचं नाही हे तिने पाळलं, पण हँडलवर आरसा होता, आणि आरशात कठडा आला. दरीकडे तोंड करून कुणीतरी बसलं होतं. नुसती पाठ दिसली. घामाने चिकटलेला शर्ट, आणि खांद्यांच्या मध्ये तळव्याएवढा कोरडा डाग.

मग वळण आलं.

७

मास्तर रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात बसला होता. कोपर सोलवटलं होतं, गुडघा फुटला होता, आणि चेहऱ्यावर रंग परत आला होता. तिला बघून तो हसायला लागला, आणि हसताना त्याला मध्येच रडू फुटलं. तिने नाडी बघितली. भरभर चालली होती, पडलेल्या माणसाची चालावी तशी. तिला इतकं बरं वाटलं की तीही खडीत बसली.

"वर एवढा वेळ काय करत होतीस?"

"बसवून आले."

"कुणाला?"

तिने बाटलीचं पाणी त्याच्या गुडघ्यावर ओतलं.

ती पट्टी बांधत होती तेव्हा खालून एक मुलगी सायकलवर चढत आली. एकटीच. मागे दोन लाल बॅगा, कपाळावर केस चिकटलेले. श्वास लांबूनच ऐकू येत होता. त्यांना बघून ती थांबली.

"लागलं का काकांना? काही हवंय?"

"नाही गं, खरचटलंय. तू कुठवर?"

"खिंड ओलांडून पलीकडे. उजेड आहे तोवर उतरेन म्हणते. किती राहिलाय चढ?"

"बराच आहे," ती म्हणाली. सांगायचं खूप होतं, आणि सांगण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. "ऐक, आज परत फिर. आमच्याबरोबर खाली चल. वरचा रस्ता बरा नाही."

"दरड आलीय का?"

"दरड नाही."

मुलगी मास्तरच्या गुडघ्याकडे बघून समजुतीने हसली. "मी हळू जाते, मावशी. काळजी करू नका."

"मग त्या रुंद वळणावर तरी थांबू नकोस. कठड्यापाशी."

"थांबले तर पुन्हा सुरूच होता येणार नाही मला," मुलगी म्हणाली, आणि निघाली.

दोघं ऐकत राहिली. वळणाआडून तिचा श्वास येत होता: जड, एकसारखा, मेहनतीचा. मग तो थांबला. ती कुठे टेकली असेल म्हणून दोघं वाट बघत बसली. थोड्याच वेळात ती वरच्या टप्प्यावर दिसली. तिथे कठडा ढासळलेला होता, त्यामुळे अख्खी सायकल दिसली. मुलगी ताठ बसली होती. सायकल चढ चढत होती, आणि तिचे पाय पॅडलवर नुसते ठेवलेले होते, न फिरता. तिने खाली त्यांच्याकडे बघून आनंदाने हात हलवला.

मास्तरचा हात अर्धा वर गेला आणि तसाच राहिला.

"तू उतर," ती उठून म्हणाली. "सावकाश. दोन्ही ब्रेक. रेंज आली की आपल्या मुलीला फोन कर. काही सांगू नकोस, नुसता कर."

"आणि तू?"

"ती पलीकडे उतरायला लागेल तेव्हा तिच्या मागे कुणी नको का, सोडवायला?"

"तुला ती गाठता यायची नाही. कशी गेली ते बघितलंस ना."

"बघितलं."

बायकोला तो ओळखत होता. सवयीने त्याने तिच्या पाठीवर थोपटायला हात पुढे केला, मध्येच थांबवला, आणि ती बसेपर्यंत तिच्या सायकलचं हँडल धरून उभा राहिला.

ती निघाली. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी पाय भरून आले, छातीत कळ आली, घाम डोळ्यांत उतरला. आपलं ओझं आपल्यालाच ओढावं लागतंय, याचा इतका आधार तिला आजवर कधी वाटला नव्हता.

पहिल्या वळणापर्यंत चढ जड लागला.